आत्यांची सवत आणि एक छोटी डबी

 

दर महिन्याला मी तुमच्याशी बचतीबद्दल, कर्जाच्या हप्त्यांबद्दल, नाहीतर गटाच्या दप्तराबद्दल बोलते. आज घरातली गोष्ट सांगणार आहे. आमच्या घरी तबकड्या वाजवायचं एक मशीन आहे. त्याचा आवाज सुधारायला मी एक डबी आणली. तिच्यावर पैसे घातले, त्यातले काही वायाही गेले. पण त्या डबीच्या निमित्तानं घरातली चाळीस वर्षं अडलेली एक गोष्ट बाहेर आली. म्हणून म्हटलं, ही तुम्हाला सांगावी.

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, मुंबईत गिरणीत होते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या भागातून तेव्हा घरटी एक तरी माणूस गिरणीत असायचा. आत्या गावाकडं शेत, गुरं आणि सासू-सासरे सांभाळायच्या. मामांना गाण्याचा नाद. ओव्हरटाइमच्या पैशातून त्यांनी जुन्या बाजारातून एक प्लेअर घेतला आणि हळूहळू तबकड्या जमवल्या. सुलोचनाबाई चव्हाणांच्या लावण्या, प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, शाहीर साबळ्यांची गाणी. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप लांबतच गेला आणि मामा एका रात्रीच्या एसटीनं गावी आले, ते कायमचेच. बरोबर एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत दोन जोडी कपडे, बाकी सगळ्या तबकड्या.

आत्या त्या मशीनला ‘माझी सवत’ म्हणायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, चेष्टेनं म्हणत असतील. मामा गाणं लावायचे आणि आत्या गोठ्यात निघून जायच्या. आम्ही सगळे हसायचो.

जुना प्लेअर पुढं बंद पडला. मामांच्या शेवटच्या दिवसांत आमच्या थोरल्या भाऊजींनी पुण्याहून एक नवं टर्नटेबल, एक अँप्लिफायर आणि दोन स्पीकर आणून दिले. तीन वर्षांपूर्वी मामा गेले. मशीन माजघरात कापडाखाली तसंच पडून राहिलं.

गेल्या दिवाळीत साफसफाई करताना मी ते कापड काढलं आणि सुलोचनाबाईंची एक तबकडी लावली. सुलोचनाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या गेल्या, हे तुम्हाला माहीत असेल. म्हटलं, आठवण म्हणून ऐकावी. पण गाण्याच्या मागं सारखी घर्रर्र अशी घरघर. शब्द काही कळेना. आत्या दारातून म्हणाल्या, “मला काय ऐकू येत न्हाय. दळपाची गिरणी लावलीया का काय?” आमचे मिस्टर म्हणाले, “आईला आता कमी ऐकू यायला लागलंय. कानाचं मशीन बघायला पाहिजे.”

इथंच माझी पहिली चूक झाली. ऐकू येत नाही म्हणजे आवाज कमी पडतोय, असं मी धरून चालले. तालुक्याला गेले तेव्हा एका दुकानात विचारलं. दुकानदारानं आवाज वाढवायचा आणखी एक सर्किट बोर्ड दिला, साडेसातशे रुपयांचा. घरी आणून जोडला. आवाज वाढला खरा, पण गाण्याबरोबर घरघरही तितकीच वाढली. आत्यांनी कानावर हात ठेवले. परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, उघडलेला माल परत घेत नाही. बिलही मी मागितलं नव्हतं. दुसऱ्यांना बिल घ्या म्हणून सांगणारी मी, आणि माझ्याच हातात बिल नव्हतं. साडेसातशे रुपये पाण्यात गेले.

मग आपल्या या रेडिओ केंद्रात रेकॉर्डिंगचं काम बघणारी मुलगी आहे, तिला विचारलं. वयानं लहान, पण हाताला फार चांगली. ती एका रविवारी घरी आली. तिनं काय केलं ते मी सविस्तर सांगते, कारण बिघाड शोधायची ही रीत कुठल्याही कामाला उपयोगी पडते.

आधी तिनं सुई तबकडीवरून उचलली आणि आवाज वाढवला. घरघर होतीच. म्हणजे दोष तबकडीचा नाही, सुईच्या घासण्याचाही नाही. मग तिनं त्याच अँप्लिफायरला मोबाइल जोडला. घरघर गायब, गाणं स्वच्छ. म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर चांगले आहेत. मग दोष उरला मधल्या टप्प्यात. ती म्हणाली, “ताई, घोटाळा पहिल्या पायरीवर आहे आणि तुम्ही शेवटची पायरी उंच करत होता.”

पहिली पायरी म्हणजे काय, ते मी तिच्याकडून समजून घेतलं. तबकडीवर बारीक खाच असते, बाहेरून आत गोल गोल जाणारी. खाचेच्या भिंती नागमोडी असतात आणि तेच गाणं. सुई त्या खाचेतून जाताना थरथरते. सुईच्या मागं बारीकसं लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. थरथरण्यानं त्यात वीज तयार होते. किती? तीन ते पाच मिलिव्होल्टच्या आसपास. बॅटरीतला एक साधा सेल दीड व्होल्टचा, म्हणजे दीड हजार मिलिव्होल्टचा असतो. त्याच्या तीनशेव्या हिश्शाएवढी ही वीज. एवढा नाजूक आवाज अँप्लिफायरला ऐकूच येत नाही. म्हणून मध्ये एक छोटं सर्किट लागतं. ते हा आवाज शंभरेक पट करून पुढं देतं. त्याला फोनो प्री-अँप म्हणतात.

त्याचं दुसरंही एक काम आहे. तबकडी कापताना खालचे जाड सूर, म्हणजे ढोलकीचा घुमार, डग्गा, मुद्दाम बारीक करून कापतात. नाहीतर खाच इतकी रुंद हेलकावे घेईल की शेजारच्या खाचेत घुसेल आणि तबकडीवर गाणं मावणार नाही. उलट वरचे चिरके सूर, टाळ, झांज, मोठे करून कापतात, म्हणजे सुईची खरखर त्यांच्याखाली दबते. ऐकताना हे सगळं उलटं करून मूळ जागी आणावं लागतं. हे किती कमी आणि किती जास्त करायचं याचं माप १९५४ पासून तबकड्यांच्या धंद्यात ठरून गेलं. प्री-अँप त्याच मापानं ढोलकी परत मोठी करतो आणि झांज लहान करतो. म्हणूनच साधा माइकचा अँप्लिफायर जोडून चालत नाही. आवाज मोठा होईल, पण ढोलकी हरवलेली राहील.

आमच्या टर्नटेबलच्या पोटात असं एक सर्किट होतं, पण स्वस्तातलं. घरघर तिथूनच येत होती, आणि पुढचा अँप्लिफायर बिचारा ती इमानानं मोठी करत होता.

आता बाहेरून चांगला प्री-अँप घ्यायचा तर किंमत आली चोवीसशे रुपये. मी विचारात पडले. साडेसातशे आधीच गेले होते. त्यात गटाच्या बैठकीत मी कुणाशी तरी हे बोलले आणि एका ताईनं सगळ्यांसमोर विचारलं, “ताई, तुम्ही आम्हाला सांगता की गरज वेगळी, हौस वेगळी. हौसेसाठी पैसे काढू नका. मग हे काय?”

बरोबरच विचारलं तिनं. मी तिथंच उत्तर दिलं. गटातून एक रुपया घेणार नाही, घरखर्चातूनही नाही. मी ब्लाऊज शिवते. अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई दोनशे रुपये. बारा ब्लाऊज जादाचे शिवेन आणि त्या पैशातून घेईन. आणि साडेसातशे रुपये बुडाले तेही मी त्या दिवशी सांगून टाकलं. हौस करू नये, असं मी कधीच म्हणत नाही. बाईनं हौस करावी. पण ती स्वतःच्या कमाईतून, हिशेब ठेवून, आणि कर्ज न काढता. एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते मलाही लागू आहे.

या वेळी मात्र आधी विचारलं. म्हैस घेताना आपण काय करतो? मालकाच्या दारात दोन-तीन वेळा धार काढून बघतो, मगच पैसे मोजतो. तसंच मी दुकानदाराला म्हटलं, आठ दिवस घरी वाजवून बघणार, नाही पटलं तर परत. आणि हे बिलावर लिहून घेतलं. हे दुकान दुसरं होतं, त्यानं लिहून दिलं.

डबी घरी आणली. साबणाच्या वडीएवढी, छोटासा अडॅप्टर असलेली. जोडली, गाणं लावलं, आणि असा भयानक फाटका आवाज आला की बाळ रडायला लागलं. मला तर घामच फुटला. त्या मुलीला फोन केला. तिनं एकच विचारलं, “मागचं बटण कुठं आहे?” टर्नटेबलच्या पाठीमागं एक बारीक बटण होतं. एका बाजूला ‘लाइन’, दुसऱ्या बाजूला ‘फोनो’. ते लाइनवरच होतं. म्हणजे आतलं सर्किट आवाज शंभर पट करत होतं आणि बाहेरची डबी तोच आवाज परत शंभर पट करत होती. बटण फोनोवर केलं, की आतलं सर्किट बाजूला झालं आणि गाणं सुरळीत आलं.

थोडीशी घरघर तरीही होती. टर्नटेबलमधून एक बारीक काळी वायर निघते, जमिनीच्या जोडणीची. ती डबीच्या स्क्रूखाली घट्ट बसवली. आणि जागा वाचावी म्हणून मी डबी अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवली होती. अँप्लिफायरच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो, त्याची घरघर डबीत उतरत होती. डबी हातभर लांब ठेवली आणि माजघर एकदम शांत झालं. मैत्रिणींनो, एक लक्षात ठेवा. वायर काढता-घालताना आवाज पूर्ण कमी करायचा आणि बटणं बंद करायची. मशीनचं पोट स्वतः उघडायचं नाही.

आता चोवीसशे रुपयांचा फरक खरोखर पडतो का, की पैसे घातले म्हणून मलाच चांगलं वाटतंय? याची परीक्षा घ्यायची ठरवली. त्या मुलीनं एक गोष्ट सांगून ठेवली होती. थोडा जरी मोठा वाजला, तरी कानाला तोच आवाज चांगला वाटतो. म्हणून दोन्हीचा आवाज सारखा करायचा. मी अँप्लिफायरच्या बटणाशेजारी दोन टिकल्या लावल्या. जुन्यासाठी लाल, नव्यासाठी हिरवी. त्या त्या टिकलीपाशी बटण आणलं की दोन्हीचा आवाज सारखा.

मग आत्या, शेजारच्या काकू आणि गटातली ती प्रश्न विचारणारी ताई, अशा तिघींना मशीनकडं पाठ करून बसवलं. तीच तबकडी, तेच कडवं. कधी जुनं लावायचे, कधी नवं, कोणतं ते सांगायचे नाही. दर वेळी वायरी बदलायला दोन मिनिटं जायची. तेवढ्यात त्यांनी ठरवायचं आणि मी वहीत टिपायचं, आपण गटात ठरावाची नोंद करतो तसं. काकू म्हणाल्या, “मला बाई दोन्ही सारखंच वाटतंय.” मी तसंच लिहिलं. ताईला घरघर ओळखता आली, बाकी नाही. आत्यांनी मात्र सहाच्या सहा वेळा नवं कोणतं ते बरोबर ओळखलं. शेवटी म्हणाल्या, “ह्यात ढोलकी हाय. आन् बाईचा दम घेतल्याला ऐकू येतोय.”

कान अधू झालेत म्हणून ज्यांना आम्ही दवाखान्यात न्यायला निघालो होतो, त्यांना गाणारीचा श्वास ऐकू येत होता! आत्यांचे कान चांगले होते. आम्हीच त्यांना घरघर ऐकवत होतो आणि वर ऐकू येत नाही म्हणून त्यांनाच दोष देत होतो.

गाणं संपलं. तबकडी नुसतीच फिरत राहिली. मी विचारलं, “आत्या, बरं वाटलं का?” त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आवाज चांगला हाय. पर माझी पुतळ्यांची माळ काय ह्यातनं निघायची न्हाय.”

आम्ही सगळेच बघत राहिलो. मग त्या बोलायला लागल्या. संपात खोलीचं भाडं थकलं, गावात दाणा नव्हता. तेव्हा माहेरून आलेली त्यांची पुतळ्यांची माळ मामांनी गहाण ठेवली. ती कधीच सुटली नाही. आत्या म्हणाल्या, “म्या म्हनलं, आधी तुमचा डबा इका. तर म्हनले, त्याला कोन इचारतंय? माझ्या माळंला मातर लगीच गिऱ्हाइक गावलं. मला इचारलं बी न्हाय.” एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. आमच्या मिस्टरांना ही गोष्ट पहिल्यांदाच कळत होती. वयाची चाळीस वर्षं त्याच घरात काढून.

मामा वाईट नव्हते. मला त्यांनी मुलीसारखं वागवलं. संपानं कितीतरी घरं धुऊन नेली, त्यांतलं एक आमचं. पण कुणाची वस्तू विकायची हे ठरवताना ज्याची वस्तू त्याला विचारलं नाही, हेही तितकंच खरं आहे. आत्या चाळीस वर्षं ‘सवत, सवत’ म्हणत होत्या आणि आम्ही हसत होतो. आम्हाला फक्त कुरकुर ऐकू येत होती, शब्द नाही.

त्यानंतर आत्यांनी जे विचारलं, ते मला जास्त लागलं. म्हणाल्या, “माळ गेली ती गेली. आता ह्या घरावर तरी माझं नाव हाय का गं? तू गावभर बायकांना सांगत फिरतीस म्हून इचारते.”

मैत्रिणींनो, मी खाली मान घातली. नमुना आठचा उतारा, घरावर बाईचं नाव, वारस नोंद, हे सगळं मी गावोगावच्या बैठकांतून सांगते. आणि मामा जाऊन तीन वर्षं झाली तरी माझ्या घराचा उतारा मामांच्याच नावावर होता. करू करू म्हणत राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मिस्टरांनी भाऊजींना फोन केला. दोघा भावांनी मिळून ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडं अर्ज दिले. घराच्या उताऱ्यावर आत्यांचं नाव लागलं आहे. जमिनीची वारस नोंद सुरू आहे. उतारा हातात आला तेव्हा आत्यांनी तो वाचून घ्यायला लावला. मोठ्यानं, दोनदा.

डबी परत दिली नाही, हे सांगायला नकोच. हिशेब सांगते. डबी चोवीसशे, वाया गेले साडेसातशे, एकूण एकतीसशे पन्नास. बारा ब्लाऊज शिवून झाले, साडेसातशेचे चार अजून शिवायचे आहेत.

आता शुक्रवारी संध्याकाळी आमच्या पडवीत पाच-सहा जणी जमतात. आत्या स्वतः तबकडी निवडतात. कुणाच्या घरी जुन्या तबकड्या असतील तर दोन गोष्टी सांभाळा. उन्हात ठेवू नका, त्या वाकड्या होतात. आणि आडव्या थप्पीत न ठेवता उभ्या ठेवा. सुई झिजली असेल तर आधी ती बदला, कारण झिजलेली सुई तबकडीची खाच खाते. आणि ७८ च्या वेगाच्या जुन्या, जड, लाखेच्या तबकड्या असतील तर त्या या सुईनं वाजवू नका. त्यांची खाच रुंद असते, त्यांना वेगळी सुई लागते.

एक गोष्ट जाता जाता. आपल्या देशात तबकडीवर पहिल्यांदा गाणी घेतली गेली १९०२ साली, कोलकात्यात. त्या अगदी सुरुवातीच्या आवाजांत गौहर जान यांच्यासारख्या बायकांचे आवाज होते. त्यांचा आवाज आज सव्वाशे वर्षांनंतरही ऐकता येतो. आपल्या आज्यांनी जात्यावर गायलेल्या ओव्या मात्र बहुतेक वाऱ्यावर गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून तेवढ्या तरी राहिल्या. आमच्या आत्यांनाही ओव्या येतात, हे मला या शुक्रवारच्या बैठकींतच कळलं. गेल्या महिन्यात केंद्रातली ती मुलगी रेकॉर्डर घेऊन आली. आधी तिनं पंखा बंद करायला लावला, फ्रीज बंद केला, कोंबड्या बाहेर हाकलल्या. म्हणाली, “घरघर आधी काढायची, मग आवाज घ्यायचा.” त्या ओव्या तुम्हाला याच केंद्रावर ऐकायला मिळतील.

शेवटी एकच विनंती. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत दोन कामं करा. प्रत्येकीनं आपल्या घराचा नमुना आठचा उतारा आणा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते एकमेकींना वाचून दाखवा. माझ्यासारखं ‘करू करू’ म्हणत राहू नका. आणि घरातली म्हातारी माणसं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत असतील, तर एकदा टीव्ही बंद करून त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, “काय झालं होतं तेव्हा?”

आत्या आत्ता स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसल्या असतील. आत्या, सगळं बरोबर सांगितलं ना? चुकलं असेल तर घरी आल्यावर बोला. मी ऐकेन.